‘गेट’ला अर्थ विचारू नका, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीला आहेत, शिक्षण बारामतीकडे मराठी माध्यमातून झालं. शाळेत इंग्रजी क्रियापद ‘गेट’ (get) म्हणजे ‘मिळणे, मिळवणे’ असं पाठ केलं होतं. मग ‘गेट अँग्री’ म्हणजे राग मिळवणे का? तसं असेल तर ‘गेट अँगर’ का चालत नाही? ‘गेट अ जॉब’ चालतं, तर ‘गेट सक्सेस’ लिहिल्यावर वरिष्ठांनी ते खोडलं का? आणि परवा स्वारगेटहून येताना बस अडकली म्हणून त्यांनी टीमला ‘आय ॲम गेटिंग लेट’ असा मेसेज टाकला, तो एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर दुरुस्त केला. असे किती ‘गेट’ पाठ करायचे, याला काही नियम आहे का, असं ते विचारतात.

आधी तो मेसेज, कारण तो प्रसंग तुमच्या मनाला लागलाय हे तुमच्या लिहिण्यातून दिसतं. मी नारायण पेठेत चोवीस वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते आहे. बँकेतले, कारखान्यातले, आयटीतले, मुलांच्या शाळेत इंग्रजीतून बोलावं लागतं म्हणून येणाऱ्या आया, असे सगळे येतात. ‘आय ॲम गेटिंग लेट’ हे वाक्य यातल्या बहुतेकांकडून मी ऐकलंय. ज्याची मराठी पक्की आहे त्याच्याच तोंडून ते येतं, कारण ‘मला उशीर होतोय’ हे त्याच्या डोक्यात आधी तयार झालेलं असतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ते अडतं कुठे हे सांगते, पण त्यासाठी जरा मागून यायला हवं.

वर मी ‘मनाला लागलाय’ म्हणाले. हे ‘लागणे’च घ्या. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते. नोकरी लागते, कॉलेजच्या यादीत नाव लागतं. स्वयंपाकाला दोन तास लागतात. आग लागते, नाद लागतो, साताऱ्याकडे निघालं की कात्रजचा घाट लागतो. कैरी आंबट लागते. आमच्या इमारतीत राहायला आलेल्या एक केरळी बाई मराठी शिकत होत्या. त्यांनी एकदा मला जिन्यात थांबवून विचारलं, “लागणे म्हणजे नक्की काय हो?” मला एका शब्दात सांगता येईना. शेवटी म्हणाले, लागणेचा अर्थ लागणेत शोधू नका, त्याच्या आधी काय आलंय ते बघा. भूक आली तर एक अर्थ, नोकरी आली तर दुसरा, घाट आला तर तिसरा. आपण मराठी माणसं हे सगळे अर्थ कधी पाठ करत बसलो नाही. जोडी ऐकली, जोडीच वापरली. ‘गेट’चं हुबेहूब असंच आहे, फक्त तिथे सोबती क्रियापदाच्या आधी न येता नंतर येतो.

शब्द सोबत्यासह शिकायचा, हा विचार इंग्रजी परकी असणाऱ्यांना शिकवता शिकवताच पुढे आला. हेरॉल्ड पामर नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याचं काम करत होते. १९३३ साली त्यांनी टोकियोत अशा ठरून गेलेल्या शब्दजोड्यांचा अहवाल काढला. अभ्यासक याला ‘कोलोकेशन’ म्हणतात, मी वर्गात शब्दाची संगत म्हणते. आणि ‘गेट’ची संगत टाळून इंग्रजी बोलता येत नाही. १९९९ साली लाँगमन या प्रकाशन संस्थेने इंग्रजीचं एक मोठं व्याकरण काढलं, ते चार कोटींहून जास्त शब्दांच्या बोललेल्या आणि लिहिलेल्या नमुन्यांवर उभं आहे. त्यांच्या मोजदादीत सहायक क्रियापदं सोडली तर फक्त बारा क्रियापदं दर दहा लाख शब्दांमागे हजारापेक्षा जास्त वेळा आली: से, गेट, गो, नो, थिंक, सी, मेक, कम, टेक, वॉन्ट, गिव्ह आणि मीन. नुसतं बोलणं धरलं तर त्यात ‘गेट’चा नंबर पहिला.

हे क्रियापद इंग्रजीत स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गेटा’वरून आलं. तिथे अर्थ होता मिळवणे, हाती लागणे. म्हणजे शाळेत तुम्हाला शिकवलेला अर्थ चुकीचा नव्हता, तो सगळ्यात जुना अर्थ आहे. पुढे तो पसरत गेला. वस्तू माझ्यापर्यंत पोचली, तर ‘गेट अ लेटर’. मी एखाद्या ठिकाणी पोचलो, तर ‘गेट होम’, ‘गेट टू स्वारगेट’. मी एखाद्या अवस्थेला पोचलो, तर ‘गेट टायर्ड’, ‘गेट अँग्री’. आधी नव्हतं ते आता आहे, एवढीच गोष्ट तिन्हीकडे सांगितलेली आहे. वस्तू असेल तर पुढे नाम येतं, अवस्था असेल तर विशेषण येतं.

आता ‘गेट अँग्री’ का आणि ‘गेट अँगर’ का नाही, ते. हा भाग सावकाश वाचा, तुमच्या बाकीच्या प्रश्नांची किल्ली इथे आहे.

नवी बॅच सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर ‘मला राग आला’ असं लिहिते आणि कर्ता ओळखायला सांगते. निम्मा वर्ग ‘मी’ म्हणतो. मग शाळेतली रीत आठवून द्यावी लागते: येणारा कोण? राग. कर्ता राग आहे, आणि ‘मला’ हे ‘स, ला, ते’मधल्या ‘ला’चं रूप आहे. मराठीत राग येतो, भूक लागते, थंडी वाजते, कंटाळा येतो, आनंद होतो, घाम फुटतो, आणि हे सगळं ‘मला’. अवस्था हे नाम आहे, तेच वाक्याचं कर्तेपण घेऊन बसलंय. माणूस आहे तो ‘ला’ लावून बाजूला उभा आहे.

इंग्रजीत माणूस पुढे येतो आणि कर्ता होतो. ‘मला’चं ‘आय’ झालं. आता राग तसाच नाम म्हणून ठेवला तर ‘गेट’ त्याला वस्तू समजेल, पत्र मिळावं तसा राग मिळाला असं काहीतरी होऊन बसेल. म्हणून रागाला आपलं रूप बदलावं लागतं. अँगरचं अँग्री होतं, हंगरचं हंग्री, थर्स्टचं थर्स्टी, स्लीपचं स्लीपी. हे दोन बदल जोडीने व्हायला हवेत: ‘मला’ गेला की नामही गेलं पाहिजे. विद्यार्थी पहिला बदल करतात, दुसरा राहून जातो, आणि ‘आय गॉट अँगर’ तयार होतं. इतक्या वर्षांत ‘गेट’च्या ज्या चुका मी तपासल्या, त्यातल्या बहुतेक इथेच होतात.

‘गेट’ आणि विशेषण या जोडीकडे मराठीतून आणखी दोन वाटा येतात. एक सोपी आहे, विशेषण आणि ‘होणे’. मी तयार झाले, ‘आय गॉट रेडी’. चहा गार झाला, ‘द टी गॉट कोल्ड’. मराठीतही विशेषणच असल्यामुळे इथे कोणी अडखळत नाही. दुसरी वाट मात्र पटकन दिसत नाही, ती म्हणजे मराठीतलं एकच शब्दाचं क्रियापद. भिजलो, दमलो, अडकलो, हरवलो, चिडलो, घाबरलो, गोंधळलो. यांच्यासाठी माणसं इंग्रजीत एकेक क्रियापद शोधत बसतात आणि बोलणं तिथेच थांबतं. शोधायचं असतं विशेषण. बस विद्यापीठ चौकात अडकली, ‘द बस गॉट स्टक’. खिडकीतून पाऊस आला आणि बाही भिजली, ‘माय स्लीव्ह गॉट वेट’. उभं राहून पाय दमले, ‘माय लेग्ज गॉट टायर्ड’. तुमच्या परवाच्या सकाळची निम्मी हकीकत एवढ्यात सांगून झाली.

यातली बरीच विशेषणं क्रियापदापासून झालेली असतात आणि त्यांच्या शेवटी ‘ड’ किंवा ‘ट’चा एक छोटा आवाज असतो. तो कानाला नीट लागत नाही म्हणून सुटतो. पुण्यातली पोरं दिवसातून चार वेळा ‘बोअर झालं’ म्हणतात, आणि इंग्रजी बोलताना ‘आय गॉट बोअर’. हवं ‘बोअर्ड’. त्या ‘ड’शिवाय ते विशेषण होत नाही. त्याहून मोठी गडबड ‘आय ॲम गेटिंग बोरिंग’ म्हटल्यावर होते, कारण त्याचा अर्थ ‘मी दिवसेंदिवस कंटाळवाणा होत चाललोय’. ‘टेन्शन आलं’ हेही ‘राग आला’च्याच घरातलं आहे. त्याचं ‘आय गॉट टेन्शन’ करू नका, ‘टेन्स्ड’ही नको. ‘आय गॉट टेन्स’ म्हणा, किंवा रोजच्या बोलण्यातलं ‘आय गॉट वरीड’, ‘आय गॉट नर्व्हस’. आणि ‘सवय झाली’ याचं इंग्रजी कितीतरी लोकांना आयुष्यभर सापडत नाही. सवय हे नाम, म्हणून ते ‘हॅबिट’ घेऊन ‘गेट’पुढे ठेवतात. तिथेही विशेषण लागतं: ‘गेट यूज्ड टू’. पुण्याची सवय झाली, ‘आय गॉट यूज्ड टू पुणे’. लवकर उठायची सवय होतेय, ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू वेकिंग अप अर्ली’. त्या ‘टू’नंतर ‘वेक’ नाही, ‘वेकिंग’, कारण तो ‘टू’ पुण्याआधी होता तोच आहे, त्याला पुढे नामच लागतं.

एक गोष्ट जवळून बघू या, म्हणजे नाम आणि विशेषण यांतला फरक हाताला लागेल. झोप घ्या. मराठीत झोप येते, झोप लागते, झोप मिळते आणि झोप होते, आणि या चार वेगळ्या घटना आहेत. रात्रीचे अकरा वाजलेत, डोळे मिटायला लागलेत, झोप येतेय: ‘आय ॲम गेटिंग स्लीपी’. अवस्थेकडे चाललोय, म्हणून विशेषण. आडवा झालो आणि झोप लागली: इथे ‘गेट’ चालतच नाही, ‘आय फेल असलीप’. वरच्या मजल्यावर रात्रभर फर्निचर सरकवत होते, झोप मिळाली नाही: ‘आय डिडन्ट गेट एनी स्लीप’. आता झोप ही मिळायची वस्तू झाली, म्हणून नाम आलं, आणि त्याच्या आधी ‘एनी’ किंवा ‘सम’ आलं. आणि रविवारी दहाला उठून ‘मस्त झोप झाली’ म्हणाल तेव्हा ‘आय स्लेप्ट वेल’. हे चार मी वर्गात एकत्र फळ्यावर लिहिते, तेव्हा मराठीत किती बारकाईने भेद आहेत हे पाहून मुलांना आपल्याच भाषेचं नवल वाटतं. मला दर वेळी वाटतं.

नाम आणि विशेषण ओळखायला दाराशीच एक खूण असते. नामाआधी साधारण ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘सम’ असं काहीतरी असतं. विशेषण एकटं येतं. माझी एक विद्यार्थिनी बाणेरला नोकरीला होती, तिने परदेशातल्या साहेबांना फोनवर सांगितलं, ‘आय गॉट कोल्ड, आय कान्ट कम टुडे’. तिला म्हणायचं होतं सर्दी झालीय. साहेबांनी काळजीने विचारलं, घरात हीटर नाही का? ‘गेट कोल्ड’ म्हणजे थंडी वाजायला लागणे, अंग गार पडणे. ‘गेट अ कोल्ड’ म्हणजे सर्दी होणे. एका ‘अ’ने कोल्ड हे विशेषणाचं नाम झालं. ती मुलगी पुढे कधी ‘अ’ विसरली नाही.

आजारांच्या बाबतीत मात्र मी वर सांगितलेलं सूत्र वाकतं, ते इथेच सांगते, नाहीतर तुम्ही अडाल. ताप आला, डोकं दुखायला लागलं, मलेरिया झाला. ‘राग आला’ आणि ‘ताप आला’ ही मराठीत सारखीच वाक्यं आहेत, पण इंग्रजीत राग विशेषण होतो आणि ताप नाम राहतो: ‘आय गॉट अ फीव्हर’, ‘आय गॉट अ हेडेक’, ‘ही गॉट मलेरिया’. इंग्रजी आजाराला पकडलेली वस्तू मानते. मोठ्या रोगांच्या नावांआधी ‘अ’ नसतो, ‘गेट डेंगी’, ‘गेट टायफॉइड’. छोट्या दुखण्यांना ‘अ’ असतो. फ्लूला बहुतेक ‘द’ लागतो.

बाकी नामांसोबत ‘गेट’चं वागणं सरळ आहे. मिळणे, आणणे, विकत घेणे, यांतलं काहीतरी असतं आणि कोणतं ते पुढचं नाम सांगतं. ‘गेट अ रिप्लाय’ म्हणजे उत्तर मिळणे. ‘आय ॲम गोइंग टू मंडई टू गेट सम कोथिंबीर’ म्हणजे आणायला चाललेय. ‘गेट अ न्यू फोन’ म्हणजे विकत घेणे. परवानगी, सल्ला, माहिती, अनुभव ही इंग्रजीत न मोजता येणारी नामं आहेत, त्यांच्याआधी ‘ॲन’ किंवा ‘अ’ लावू नका, मागे ‘स’ लावू नका: ‘गेट परमिशन’, ‘गेट सम ॲडव्हाइस’, ‘गेट सम इन्फर्मेशन’.

मग ‘गेट सक्सेस’ का खोडलं? यश मिळणे, ज्ञान मिळणे, प्रसिद्धी मिळणे, आपण सगळ्याला ‘मिळणे’ लावतो. इंग्रजीत ‘गेट’ला कोणी दिलेली किंवा जाऊन आणता येणारी गोष्ट आवडते: उत्तर, रजा, पगार, संधी, तिकीट. यश कोणी हातात देत नाही. त्याला ‘अचीव्ह’ लागतो, आणि बोलताना तर सरळ ‘आय सक्सीडेड’ किंवा ‘इट वर्क्ड’ म्हणतात. ज्ञानाला ‘गेन’ लागतो. प्रसिद्धी मिळाली तर ‘शी बिकेम फेमस’, म्हणजे पुन्हा विशेषण. सीमा अगदी काटेकोर नाही, अनुभवाला ‘गेट’ही चालतो आणि ‘गेन’ही. पण लेखी कामात यश, ज्ञान, कीर्ती अशा मोठ्या शब्दांआधी ‘गेट’ ठेवू नका, तो तिथे तोकडा पडतो. तुमच्या वरिष्ठांनी खोडलं ते बरोबर खोडलं.

आणि नामासोबत ‘गेट’चा अर्थ ‘होणे’ असा कधीच होत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. मुलाखतीत ‘आय वॉन्ट टू गेट अ मॅनेजर’ म्हणालात तर समोरच्याला वाटेल तुम्हाला मॅनेजर बोलवायचाय किंवा नेमायचाय. डॉक्टर झाली, बाबा झालो, मॅनेजर व्हायचंय, इथे फक्त ‘बिकम’. विशेषणाआधी ‘गेट’ आणि ‘बिकम’ दोन्ही चालतात, ‘बिकम’ जरा औपचारिक. नामासोबत ‘होणे’ म्हणायचं असेल तर ‘गेट’ला जागाच नाही.

आता तुमचा उशीर. ‘लेट’ विशेषण आहे, ‘गेट’ त्याच्यासोबत बसतो, मग अडचण काय? अडचण कर्त्याची आहे. ‘गेटिंग लेट’ हे इंग्रजीत वेळेबद्दल बोलतात, माणसाबद्दल नाही. पाहुण्यांकडे गप्पा मारत बसलात, घड्याळात साडेदहा झाले, बायको म्हणते ‘चला, उशीर होतोय’, तेव्हा ‘इट्स गेटिंग लेट’. बसमध्ये अडकलात आणि मीटिंग गाठायचीय, तेव्हा ‘आय ॲम रनिंग लेट’. पोचल्यावर ‘आय गॉट लेट’ नाही, ‘सॉरी आय ॲम लेट’, आणि कारण द्यायचं तर ‘आय गॉट हेल्ड अप’, म्हणजे अडकून पडलो. भारतात ‘आय ॲम गेटिंग लेट’ सगळ्यांना कळतं, इतकं की ते आपल्याकडचं वापरातलं इंग्रजी झालंय. आपापसात बोलताना कोणी कोणाला अडवू नये असं माझं मत आहे, आणि तुमच्या सहकाऱ्याने सगळ्यांदेखत दुरुस्त करायला नको होतं. पण परदेशी टीमला लिहिताना ‘रनिंग’ लिहा.

कर्ता बरोबर असून जोडीच वेगळ्या अर्थाने ठरून गेलेली आहे, असंही होतं. लांबून प्रवास करून आलं की आपण म्हणतो, जरा फ्रेश होऊन येतो. त्याचं ‘आय विल गेट फ्रेश’ मी फार ऐकते. ‘गेट फ्रेश’ ही जोडी इंग्रजीत आहे, पण अर्थ आहे आगाऊपणा करणे, नको तेवढी सलगी करणे. परदेशातून आलेल्या पाहुण्यासमोर हे निघून गेलं तर बोलणाऱ्याला कळतही नाही काय झालं ते. ‘आय विल फ्रेशन अप’ म्हणा. हे कुठल्याही नियमातून काढता येत नाही, जोडी म्हणूनच माहीत असावं लागतं.

होण्याच्या कामात ‘गेट’ला भावंडंही आहेत. बिघाडाकडे जाणाऱ्या, परत न फिरणाऱ्या बदलांना पुष्कळदा ‘गो’ लागतो: दृष्टी गेली ‘गो ब्लाइंड’, टक्कल पडलं ‘गो बॉल्ड’, दिवाळं निघालं ‘गो बँकरप्ट’, अन्न खराब झालं ‘गो बॅड’. केस पिकले तर ‘गो ग्रे’, कारण रंगांनाही ‘गो’ किंवा ‘टर्न’ आवडतो. पण म्हातारं होणं, दमणं, आजारी पडणं हे बिघडणंच असलं तरी ‘गेट ओल्ड’, ‘गेट टायर्ड’, ‘गेट इल’. तिथे ‘गो’ नाही. चाळिशी गाठली, ‘ही टर्न्ड फॉर्टी’. स्वप्न खरं झालं, ‘कम ट्रू’. बुटाची नाडी सुटली, ‘केम अनडन’. हे सगळं एका बैठकीत शिकायला जाऊ नका. आधी ‘गेट’ पक्का करा.

एक रचना मात्र लगेच शिकण्यासारखी आहे, कारण मराठीत ती तयार आहे. ‘गेट’ आणि विशेषण यांच्या मध्ये एखादी वस्तू किंवा माणूस घाला, आणि ‘होणे’चं ‘करणे’ होतं. मुलं तयार झाली, ‘द किड्स गॉट रेडी’. मी मुलांना तयार केलं, ‘आय गॉट द किड्स रेडी’. बूट भिजले, ‘माय शूज गॉट वेट’. बूट भिजवून घेतले, ‘आय गॉट माय शूज वेट’. केस कापून घेतले, ‘आय गॉट माय हेअर कट’. आपलं ‘भिजवून घेणे, कापून घेणे’ या घराशी अगदी जुळतं.

काही शिक्षक सांगतात की ‘गेट’ हा हलका शब्द आहे, वापरूच नका. मला ते पटत नाही. अहवालात, अर्जात, इंग्रजीच्या लेखी परीक्षेत ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’ लिहा, ते शोभतं. पण टीमच्या मेसेजमध्ये ‘आय बिकेम वेट’ लिहिलंत तर ते परक्याचं इंग्रजी वाटेल. बोलण्यात ‘गेट’ न वापरणारा माणूस सतत इस्त्रीचे कपडे घालून घरात बसल्यासारखा अवघडलेला वाटतो.

किती पाठ करायचे, असं विचारलंत. यादी पाठ करू नका. एक दोनशे पानी वही घ्या आणि पानाच्या मधोमध रेघ मारा. दिवसभरात तुमच्या तोंडून मराठीत जी ‘मला’ची वाक्यं येतात ती डावीकडे लिहा, अगदी जशी आली तशी: मला कंटाळा आलाय, मला रजा मिळाली, मला सर्दी झालीय. उजवीकडे इंग्रजी लिहिण्याआधी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: मी कुठल्या अवस्थेत गेलो, की काही माझ्या हाती आलं? अवस्था असेल तर पुढे विशेषण, हाती आलं असेल तर नाम. मग शब्दकोशात ‘गेट’ काढू नका, त्यात तुम्ही हरवाल. सोबत्याचा शब्द काढा आणि त्याच्या उदाहरणांत आधी कोणतं क्रियापद येतंय ते बघा. झोपेसाठी ‘असलीप’ उघडलंत तर तिथे ‘फॉल’ आपोआप सापडेल. रोज पाच ओळी झाल्या तरी पुरे. तीन महिने हे केलेल्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यातली ‘आय गॉट अँगर’सारखी वाक्यं गळून पडताना मी पाहिली आहेत.

पहिल्या पानावरची पहिली ओळ तुमच्याकडे आहेच. डावीकडे ‘मला उशीर होतोय’, उजवीकडे ‘आय ॲम रनिंग लेट’. दुसरी ओळ उद्या सकाळी बसमध्ये लिहा, आणि अडलात तर ती ओळ मला पाठवा.